तांबडा डाव्या अंगाचा

आमच्या घरी दर वर्षी एका फिल्मचं श्राद्ध होतं. फिल्म म्हणजे सिनेमा नव्हे, कॅमेऱ्यात घालायचा रोल. रंगीत स्लाइडचा, छत्तीस फोटोंचा. मी शाळेत असताना कंपनीने तो बनवणं बंद केलं. कारण साधंच असावं, लोक विकत घेत नव्हते. पण घरात हे बोलायची सोय नाही. बाबांच्या मते जगाची लायकी राहिली नाही म्हणून ती फिल्म गेली.

बाबांचा भोरला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी आणि झेरॉक्स यांवर तो चालतो. बाबा मात्र स्वतःला फोटोग्राफर समजतात ते या कामांमुळे नाही, त्या फिल्ममुळे. दिवाळी झाली की एका रविवारी दुपारी आतल्या खोलीला काळे पडदे लागतात, माळ्यावरून प्रोजेक्टर उतरतो आणि बाबांचे दोन मित्र येतात. एक निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना मी काका म्हणते. आई पोहे करते. श्राद्धाला निदान कावळा तरी नवा येतो. इथे तेच तिघं, त्याच ऐंशी स्लाइड आणि तीच वाक्यं.

"त्या फिल्मचा लाल," सर म्हणतात. पुढे काही म्हणत नाहीत.

"लाल म्हणजे लाल," काका म्हणतात.

बाबा डोळे मिटतात. स्लाइड समोर पडद्यावर असते, तरी मिटतात.

मग आठवणी निघतात. रोल फ्रिजमध्ये ठेवायचा असायचा, श्रीखंडाच्या डब्यामागे. "माझ्या कोथिंबिरीला जागा नव्हती, पण त्याला होती," आई पोह्यांच्या ताटल्या देता देता म्हणते. हे वाक्यही दर वर्षीचंच. एक रोल महिनाभर पुरवायचा, मग पार्सलने मुंबईला लॅबला पाठवायचा आणि परत येईपर्यंत पोस्टमनला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवायचं. एकदा तीन आठवड्यांनी आलेल्या छत्तीस स्लाइडमध्ये नऊ बाबांच्या अंगठ्याच्या होत्या. त्यातली एक अजून डब्यात आहे. अंगठ्याचा रंगही फार सुंदर आलाय, असं काकांचं मत आहे.

मी प्रोजेक्टर चालवते. ते काम मला लहानपणापासून आहे, कारण अंधारात एका कोपऱ्यात बसून, न बोलता करायचं ते काम आहे. कुणी नवीन माणूस आला की बाबा माझी ओळख करून देतात, "ही मुलगी. बोलत नाही फार. इंग्लिश मीडियमची आहे." जणू लहानपणी गोवर आला होता, तसं. ऐकणाऱ्याला वाटतं मी इंग्रजीत भरपूर बोलत असेन. मी दोन्ही भाषांत गप्प असते.

माझं काम कॉम्प्युटरवरचं. पुण्याची एक कंपनी ऑनलाइन फर्निचर विकते, त्यांच्या फोटोंमधले डाग, सावल्या, चुकून आलेले पाय मी घरी बसून पुसते. यावरून दर वर्षी मला ऐकावं लागतं.

"मॅडमचं बरं आहे," काका म्हणतात. "गाढवाचा फोटो द्या, घोडा करून देतील."

"आमच्या वेळी एडिटिंग नव्हतं," बाबा म्हणतात. "समोर जे होतं, तेच फिल्मवर आलं. त्या फिल्मला खोटं बोलताच येत नव्हतं."

इथे फडक्याबद्दल सांगायला हवं. ती फिल्म लाल रंगावर प्रसन्न होती आणि आमच्या तालुक्यात लाल रंग हवा तेव्हा हवा तिथे सापडत नाही. भाताची खाचरं हिरवी, डोंगर निळे, माती चॉकलेटी. म्हणून बाबा आणि काकांनी भोरच्या बाजारातून लालभडक सुती कापड आणून स्कूटरच्या डिकीत ठेवलं होतं. उत्रोलीला ते भात लावणाऱ्या बाईच्या खांद्यावर दिसतं. भोंगवलीला एका म्हाताऱ्याच्या डोक्याला आहे. वरवे बुद्रुकला ते दोरीवर वाळतंय, आणि एका स्लाइडमध्ये तर ते नुसतंच बांधावर पडलंय, का ते कुणाला विचारायचं नाही. मी लहान असताना मला वाटायचं, तो भोर तालुक्याचा गणवेश आहे.

म्हणजे फिल्म खोटं बोलत नव्हती, हे खरंच. तिला ती गरज नव्हती.

पण मला हसायचा अधिकार नाही. माझंही एक प्रकरण त्या डब्यात होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

मी दुसरीत असताना एका पावसाळ्यात स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटी दमट होऊन फुगल्या. बाबांनी सगळ्या स्लाइड प्लॅस्टिकच्या नव्या चौकटीत बसवल्या आणि खुणेचं काम मला दिलं. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी घालावी लागते, तेव्हा ती पडद्यावर सुलटी पडते. शिवाय पारदर्शक असल्यामुळे ती दोन्ही बाजूंनी दिसते, एका बाजूने खरी, दुसऱ्या बाजूने आरशातल्यासारखी. म्हणून चौकटीच्या एका कोपऱ्यावर ठिपका असतो. घालताना तो उजव्या अंगठ्याखाली आला की स्लाइड बरोबर. बाबा ठिपक्याऐवजी आईच्या टिकल्या वापरायचे, अर्थात लाल. त्यांनी मला चकचकीत बाजू कुठली, टिकली कुठल्या कोपऱ्यात, हे नीट समजावून सांगितलं आणि ते एका बारशाला गेले.

मी चुकले नाही. मला समजलं होतं. पण काचेवर स्लाइड मांडून बघितल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काही माणसं उजवीकडे बघतात आणि काही डावीकडे. आमच्या शाळेत प्रार्थनेला सगळ्यांनी एका दिशेला तोंड करून उभं राहायचं असे. जो दुसरीकडे बघेल त्याला टीचर खांद्याला धरून वळवायच्या. मीही वळवलं. डावीकडे बघणाऱ्या प्रत्येक माणसाला, बैलाला आणि डोंगराला मी उलटं केलं, टिकली लावली, आणि सगळे ओळीत उभे राहिले. एसटीच्या बोर्डाची किंवा दुकानाच्या पाटीची अक्षरं उलटी दिसायला लागली, ते मला चुकीचं वाटलं, तेवढ्या मी सोडून दिल्या.

त्यामुळेच कुणाला कळलं नाही. वीस वर्षं तीन जाणकार त्या स्लाइड बघत होते. पदर उजव्या खांद्यावर गेले, शर्टाचे खिसे उजवीकडे आले, सरपंचांचं घड्याळ उजव्या मनगटावर आलं. तिघं म्हणत होते, "रंग बघ, रंग."

तोरण्याची एक स्लाइड आहे. किल्ला असा कुठून दिसतो, यावर एका वर्षी वाद झाला. काका म्हणाले, जागा मला पक्की आठवते. तिघं जीप करून वेल्ह्याला गेले, दिवसभर फिरले, आणि तोरणा तसा कुठूनच दिसेना. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांचा निष्कर्ष ठरला होता. झाडं फार वाढलीत. मी चहा दिला. तेव्हा सांगायला हवं होतं, पण तेव्हा मी अकरावीत होते आणि काकांनी पेट्रोल घातलं होतं.

यंदा काकांनी एक नवी गोष्ट केली. शो चालू होण्याआधी मी एक स्लाइड तपासत होते, तिचा त्यांनी पडद्यावरून मोबाईलवर फोटो काढला आणि तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर फिरवला. चिखलणीचा फोटो. भातलावणीच्या आधी खाचरात पाणी भरून चिखल करतात, त्याचा. गुडघाभर चिखलात एक शेतकरी, डोक्याला लाल मुंडासं, हातात नांगराची मूठ, पुढे एक तांबडा आणि एक पांढरा बैल. डावीकडून उजवीकडे चाललेत. सर याला तिघांच्या आयुष्यातली सर्वोत्तम फ्रेम म्हणतात. काढली बाबांनी होती, पण सर 'तिघांच्या' म्हणतात आणि बाबा ते चालवून घेतात.

फोटो फिरत फिरत वेल्ह्याकडच्या एका गावात पोहोचला. पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास स्टुडिओच्या दारात एक माणूस उभा. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. वेल्ह्याहून नसरापूरला आणि तिथून गाडी बदलून भोरला आला होता.

"तो बैलांचा फोटो हितंच हाय का?" त्याने विचारलं. "पाव्हणं म्हनलं, आमच्या आबांसारखं दिसत्यात."

बाबांनी त्याला बसवलं, मला पाणी आणायला सांगितलं आणि मित्रांना फोन केला. दहा मिनिटांत दोघंही हजर. एखाद्या स्लाइडमधून माणूस उठून आल्यावर कोण घरी बसेल.

त्याचे आबा, म्हणजे वडील, मागच्या वर्षी गेले होते. पंधरा दिवसांवर वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी पाटावर फोटो ठेवून हार घालायचा, तर घरात फोटोच नव्हता.

"एक पण नाही?" बाबांनी विचारलं. फोटोग्राफरला हे ऐकवत नाही.

"मतदान कार्डावर हाय. पर तो कुनाचाबी वाटतो. आईला दाखवला तर आई म्हनली, हे कोन."

"मोबाईलवर?"

"आबा मोबाईल धरला की तोंड फिरवायचे. म्हनायचे, मला कशाला पायजे." त्याने पिशवी खुर्चीखाली सरकवली. "आई कालपास्नं जेवली न्हाई नीट. म्हनती, फोटो मिळाला तर घेऊनच ये."

बाबांनी पडदे लावले. मी प्रोजेक्टर लावला, स्लाइड घेतली, टिकली अंगठ्याखाली धरली आणि आत सोडली. हे मी शेकडो वेळा केलंय. या वेळी टिकली बोटाला गरम लागली, असं मला उगाच वाटलं.

भिंतीएवढा चिखल उजळला. तो माणूस उठून उभा राहिला. बघत राहिला.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय नाही?"

"आबांसारखं हायेत. पर आबा न्हाईत."

"अहो दादा, नीट बघा," काका म्हणाले. "मी होतो तिथे. तुमच्याच गावच्या खालच्या अंगाची खाचरं. गाव यांना विचारा."

"गाव आमचं आसंल. बैल आमचं न्हाईत. आमचा तांबडा डाव्या अंगाचा. हा उजवीला जुंपलाय. तांबडा उजवीला पाऊल उचलायचा न्हाई, जागीच बसायचा. आनि आबांच्या उजव्या हातात मूठ आसायची. हा मानूस डावरा हाय."

"त्या दिवशी जुंपला असेल उजवीकडे," सर म्हणाले.

त्याने सरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सूर्य एखाद दिवशी पश्चिमेला उगवला असेल म्हटलं होतं.

"तुम्ही लहान असाल तेव्हा," बाबा म्हणाले. "तीस वर्षं झाली. विसरायला होतं."

"लहान व्हतो सायेब. पर बैल म्या धुवायचो."

यावर तिघंही रंगाबद्दल बोलले. बाबांनी सांगितलं, ही फिल्म कशी दुर्मीळ होती. सरांनी पडद्याजवळ जाऊन काडीने दाखवलं, की नजर आधी मुंडाशावर जाते आणि मग बैलावर, म्हणजे लालावरून तांबड्यावर. काका म्हणाले, असा तांबडा आता कुठल्याही कॅमेऱ्यात येणार नाही. तो माणूस शाळेतल्या हुशार मुलासारखा सगळं ऐकत होता.

"रंग लई भारी हाय," शेवटी तो म्हणाला. "आमचा तांबडा येवढा तांबडा नव्हता." आणि त्याने खुर्चीखालची पिशवी उचलली. "बरं, येतो सायेब. दुपारची गाडी गाठतो. आईला सांगतो, न्हाई मिळाला."

बाबा पडदा उघडायला उठले.

मी काय विचार केला ते मला सांगता येत नाही, कारण मी विचार केला नाही. मी बटण दाबून स्लाइड बाहेर काढली. भिंत पांढरी झाली. "अगं, बल्ब गेला का?" बाबा म्हणाले. मी स्लाइड हातातल्या हातात फिरवली, टिकली पलीकडे गेली, आणि परत आत सोडली.

आता शेतकरी उजवीकडून डावीकडे चालला होता.

तो माणूस दाराशी पोहोचला होता. तो वळला, पिशवी खाली ठेवली आणि पडद्याच्या इतका जवळ गेला, की त्याची सावली चिखलात पडली. काका सवयीने म्हणाले, "अहो, जरा बाजूला." तो बाजूला झाला नाही.

"हां," तो म्हणाला. "हा तांबडा."

त्याने आधी बैल ओळखला. मग पांढरा. मग नांगराच्या मुठीवरचा हात. चेहऱ्याकडे तो सगळ्यात शेवटी गेला. तिथे डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिला. मी प्रोजेक्टरच्या पंख्याकडे बघत होते. तो फार आवाज करतो, त्या वेळी बरं वाटलं.

मग तो म्हणाला, "मुंडासं तेवढं आबांचं न्हाई."

काका चष्मा पुसू लागले.

"ते आमचं होतं," बाबा म्हणाले.

"आबा सांगायचे," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "दोन सायेब आले स्कूटरवर. डोक्याची टोपी काढाया लावली, लाल फडकं बांधलं, चार चकरा मारून घेतल्या. नि जाताना फडकं सोडून नेलं. आमी म्हनायचो, आबा थापा मारत्यात. लई हसायचो."

सरांनी विषय सावरायचा प्रयत्न केला. ते मान तिरकी करून म्हणाले, "पण आता कॉम्पोझिशन जरा बिघडलं. माणूस फ्रेमच्या बाहेर चाललाय."

"घराकडं चालल्यात," तो माणूस म्हणाला. "घर त्या बाजूला हाय."

मग बाबा माझ्याजवळ आले. त्यांनी ट्रेमधून पुढची स्लाइड काढली, उजेडात धरली, टिकली बघितली. मग त्याच्या पुढची.

"किती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"डावीकडे बघणाऱ्या सगळ्या," मी म्हणाले. "अक्षरं असलेल्या सोडून."

"तोरणा?" काकांनी पलीकडून विचारलं. आमचं बोलणं ते ऐकत होते.

"तोरणा पण."

काका खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून जीपचं पेट्रोल, दिवसभराची पायपीट आणि वाढलेली झाडं ओळीने जाताना दिसली. मग सरांना म्हणाले, "मी म्हटलं होतं तुला, जागा मला पक्की आठवते."

मी स्लाइड स्कॅन केली. तो माणूस कॉम्प्युटरशेजारी स्टुलावर बसला आणि बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पाटावर ठेवायला फक्त चेहरा आणि खांदे पुरले असते, पण त्याला तांबड्याचं निदान तोंड हवं होतं. तेवढा भाग मी घेतला.

"ताई," तो म्हणाला. मला त्याने पहिल्यांदाच हाक मारली होती. "मुंडासं पांढरं करता येतंय का? आबांची टोपी पांढरी आसायची. आईला लाल चालायची न्हाई."

मी मागे बघितलं नाही. मागे ती फिल्म उभी होती, श्रीखंडाच्या डब्यामागची, पोस्टमनची वाट बघणारी. समोर जे होतं तेच दाखवणारी.

"येतं," मी म्हणाले.

सोफ्याचे रंग मी दिवसाला चाळीस बदलते. मुंडाशाला जरा वेळ लागला, कारण चिखलाचे शिंतोडे मला पुसायचे नव्हते. ते खरे होते. लाल गुलाबी झाला, गुलाबीचा मळका झाला, मळक्याचा पांढरा. मुंडाशाची टोपी मला करता आली नाही, पण तो म्हणाला, पावसाचं डोक्याला कायबाय बांधायचे, चालंल. मग तो म्हणाला, "आनि तांबडा जरा कमी करता का?"

मी कमी केला. "आजून," तो म्हणाला. मी आणखी कमी केला. बैल विटकरी झाला, मग तपकिरी, आपल्याकडे कुठल्याही बांधावर उभा असतो तसा.

"हां," तो म्हणाला. "बास. येवढाच व्हता."

बाबा खोलीतून निघून गेले, असं मला वाटलं. प्रिंट निघेपर्यंत ते फ्रेम शोधून घेऊन आले. साध्या लाकडी पट्टीची, लग्नांच्या फोटोंना लावतात तसली नाही. काच पुसून फोटो त्यांनीच बसवला, कागदात गुंडाळला आणि पिशवीत घालण्याआधी परत एकदा उघडून बघितला.

तो दुपारच्या गाडीने गेला. काका आणि सर जेवायला गेले. मी प्रोजेक्टर पुसत होते. बाबा डब्यातल्या स्लाइड एकेक करून उजेडात धरत होते. जुन्या टिकल्या निघत नव्हत्या, डिंक दगडासारखा झाला होता.

"लाल किती कमी केलास?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"बराच."

त्यांनी चिखलणीची स्लाइड उचलली. त्या छोट्या चौकटीत मुंडासं अजून तसंच पेटलेलं होतं. ती त्यांनी बरोबर बाजूने धरली, डब्यात घातली आणि मग म्हणाले, "ते फडकं अजून स्कूटरच्या डिकीत असेल बघ."

डिकीत होतं. मी धुवायला टाकलं. तीस वर्षांत कुणी धुतलं नव्हतं, तरी पहिल्याच पाण्याला त्याचा रंग गेला.